चर्चबाहेरची सावली

तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेत माझी पाळी होती. मे २०२१. कोरोनामुळे आम्ही निम्मे लोक एक दिवसाआड जात होतो आणि मी लालबागहून बसने फोर्ट गाठत असे. त्या मंगळवारी बस रोजच्या रस्त्याने गेलीच नाही. एका ठिकाणी वळवली, थोडं पुढे जाऊन पुन्हा वळवली. खिडकीतून आडवी झाडं दिसत होती. गुलमोहर सगळ्यात जास्त. त्यांचा ऐन फुलोऱ्याचा महिना, त्यामुळे प्रत्येक पडलेल्या झाडाभोवती लाल पाकळ्यांचा चिखल झालेला. बसमध्ये कोणी काही बोलत नव्हतं. मास्कमुळे असेल, किंवा बोलण्यासारखं कोणाकडेच काही नसेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा आधी उजेड खटकला. नेहमी तिथे हिरवट सावली असायची आणि डोळ्यांना तिची सवय झालेली. त्या दिवशी समोरच्या इमारतीचा तिसरा मजला मी पहिल्यांदा पाहिला. खाली रेन ट्री पडला होता, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

या झाडाखाली मी बावीस वर्षं डबा खाल्ला. आमच्या बँकेत जेवायची खोली होती, पण तिला खिडकी नव्हती. म्हणून आम्ही तिघीजणी खाली यायचो. झाडाच्या बुंध्याला टेकून एक जुना दगडी ओटा होता, तिथे बसायचो. समोर गल्लीच्या पलीकडे सेंट थॉमस कॅथेड्रलचा मनोरा दिसायचा. एप्रिल-मे महिन्यात डब्यात रेन ट्रीची गुलाबी फुलं पडायची, पावडर लावायच्या पफसारखी. पुढे त्याच्या चिकट काळ्या शेंगा चपलेला चिकटून वर कॅश काउंटरपर्यंत यायच्या. आभाळ भरून आलं की पानं मिटायची. आमच्यातली एक पानांकडे बघून ठरवायची, आज छत्री घेऊन घरी जायचं की ड्रॉवरमध्ये ठेवायची. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे.

समोरच्या इमारतीचा रखवालदार आदल्या दिवशी तिथेच होता. त्याने सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "मॅडम, आधी फरश्या वर आल्या. मला वाटलं, खालून कोणी ढकलतंय. मग बुंधा कलला. मी ओरडलो, पण रस्त्यावर होतंच कोण?" लॉकडाउन होता म्हणून कोणी दगावलं नाही. एरवी दुपारच्या त्या वेळेला त्या झाडाखाली वीस-पंचवीस माणसं सहज असायची.

मी मुळांकडे गेले. एवढ्या प्रचंड झाडाची मुळं जमिनीतून उपटून उभी राहिलेली, आणि त्यांचा सगळा घेर आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलापेक्षा फार मोठा नाही. रस्त्याच्या बाजूला तर मुळं नव्हतीच. होते ते नुसते थोटुक, सरळ रेषेत कापलेले आणि कापलेल्या जागी काळे पडलेले. म्हणजे कापून वर्षं झाली होती. कधीतरी केबलसाठी किंवा पाण्याच्या नळासाठी चर खणला असेल, मधे आलं ते तोडलं असेल, वर माती लोटून फरश्या बसवल्या असतील. झाड त्यानंतरही हिरवं राहिलं. दर उन्हाळ्यात फुललं. आम्ही त्याच्याखाली बसून लोणच्याच्या फोडी वाटून घेत होतो आणि ते एका बाजूने अधांतरी उभं होतं, हे आमच्या कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

माझे वडील कोकणातले. आमच्या घरी परसात पाच-सहा नारळी होत्या आणि वडील दर वर्षी त्यांची आळी करायचे. खोडाभोवती माती गोल उकरायची, त्यात पाचोळा आणि शेण घालायचं, पाणी जिरेल अशी उतरती ठेवायची. झाड लावलं की आळं आलंच, यात विचार करण्यासारखं काही असतं असं त्यांना वाटत नसे. मुंबईच्या फुटपाथवर मी झाडं पुष्कळ पाहिली, आळं क्वचित पाहिलं. सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले. बुंधा जाड होत जातो तसा तो त्यात आवळला जातो, पाणी आत जात नाही, हवा जात नाही. झाडाची अन्न शोषणारी मुळं बहुतेक करून वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि शहरातले सगळे चर नेमके तेवढ्याच खोलीवर खणले जातात. बुंध्याभोवती किमान मीटरभर जागा मोकळी ठेवा, असे आदेश न्यायालयांनी आणि हरित लवादाने दिलेले आहेत. आपल्याकडे १९७५ पासून शहरी झाडांच्या रक्षणाचा कायदाही आहे. कायदा फांदी तोडणाऱ्याला विचारतो. मुळाशी काय चाललंय हे पाहायला जमिनीखाली कोण उतरणार?

त्या वादळात कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्यात गुलमोहर, सोनमोहोर, रेन ट्री, ही बाहेरून आणलेली झाडं पुष्कळ होती. गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. लगेच म्हटलं गेलं की परदेशी झाडं आहेत, ती पडणारच. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ असतात, हे खरंच आहे. रस्त्याच्या कडेला करंज, ताम्हण, बकुळ लावावेत, हेही मला मनापासून पटतं. पण आमच्या झाडाची कापलेली मुळं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्याच्या जागी कडुनिंब असता तर तोही त्या दिवशी पडला असता. दीडशे वर्षं ज्याने या शहराला सावली दिली, त्याला पडल्यावर परकं ठरवू नये एवढंच मला म्हणायचं आहे.

दोन दिवसांत यांत्रिक करवती आल्या. आत गाभा गडद तपकिरी, बाहेर फिकट पिवळं कडं. ओंडके ट्रकमध्ये गेले. ओटाही फुटला होता, तोही गेला.

पुढे निर्बंध उठले, आम्ही सगळे रोज यायला लागलो, आणि दुपारी कुठे बसायचं हा प्रश्न पडला. ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. एक दिवस डबा खाऊन झाल्यावर नुसती सावली हवी म्हणून मी रस्ता ओलांडला आणि कॅथेड्रलच्या आत गेले. बावीस वर्षं ज्या मनोऱ्याकडे पाहत जेवले, त्याच्या आत पाऊल ठेवलं ते झाड पडल्यावर.

चर्चगेट हा शब्द मी जन्मभर उच्चारत आले. सव्वापाचची चर्चगेट, साडेआठची चर्चगेट फास्ट. त्यातलं चर्च कुठलं आणि गेट कुठलं, हा प्रश्न मनात आला नव्हता. चर्च हेच. फोर्टाला खरोखरची तटबंदी होती तेव्हा या चर्चकडे येणारा पश्चिमेचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला. तो होता त्या परिसरात आता फ्लोरा फाउंटन आहे. नाव तेवढं सरकत सरकत स्टेशनपर्यंत गेलं. जुन्या मुंबईचे मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. 'सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल' असं कोरलेले ते दगड शहरात अजून काही ठिकाणी आहेत, अर्धे फुटपाथमध्ये गाडले गेलेले.

आत गारवा होता आणि भिंती नावांनी भरलेल्या. माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त नावं. संगमरवरी पुतळे, पाट्या, तलवारी, टेकून रडणाऱ्या बायका. गव्हर्नर जोनाथन डंकन याचं मोठं स्मारक आहे. बनारस आणि काठियावाडात जन्मल्या जन्मल्या मुली मारण्याच्या प्रथेविरुद्ध त्याने काम केलं, त्याची नोंद तिथे दगडात आहे. नेपोलियनने ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली तो कप्तान मेटलंड पुढे याच किनाऱ्याजवळ समुद्रात वारला, त्याचीही पाटी आहे. पण मी थांबले ती लहान पाट्यांजवळ. वय तेवीस, वय एकोणीस, बायको आणि आठवड्याचं बाळ. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे येणाऱ्या इंग्रजांमध्ये म्हणच होती की मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. ज्यांना तिसरा पावसाळा दिसला नाही त्यांचीसुद्धा नावं तीन-तीनशे वर्षं टिकली आहेत, कारण कोणीतरी ती कोरून घेतली.

मग मी दर आठवड्याला एक-दोनदा जाऊ लागले. घरी येऊन वाचू लागले. एशियाटिक ग्रंथालयात जाऊन जुनं गॅझेटियर काढलं. पन्नाशी उलटल्यावर एखाद्या इमारतीने इतकं धरून ठेवावं याचं मलाच नवल वाटत होतं.

बांधायला घेतलं गव्हर्नर जेरल्ड अँजियर याने, १६७० च्या दशकात. ज्याला आपण मुंबई म्हणतो ते शहर वसवण्याचं स्वप्न पाहिलेला हा माणूस. १६७७ मध्ये तो सुरतेला वारला आणि काम थांबलं. भिंती पंधराएक फूट उभ्या राहिल्या होत्या. छप्पर नाही, काही नाही. त्या तशाच जवळजवळ चाळीस वर्षं उभ्या होत्या. चाळीस पावसाळे. मुंबईचा पाऊस भिंतीचं काय करतो हे ज्याने चाळीच्या वरच्या मजल्यावर दिवस काढलेत त्याला सांगायला नको. गवत उगवलं असेल, पिंपळ धरला असेल. इंग्रज तोवर किल्ल्यातल्या खोलीत प्रार्थना करत. १७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्याला हे सहन झालं नाही. १७१५ मध्ये त्याने प्रवचनातूनच लोकांना चर्च पुरं करायचं आवाहन केलं, वर्गणी जमवायला लागला, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं.

त्या दिवसाच्या कॉबच्या हकिकतीत एक मराठी कान टवकारणारं नाव येतं. रामा कामती.

रामा कामती मुंबईतला बडा व्यापारी, शेणवी समाजातला. वाळकेश्वरचं देऊळ पोर्तुगीज काळात गेलं होतं, ते १७१५ च्या सुमारास त्याने पुन्हा बांधलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात त्याचं वजन होतं. चर्च उघडलं त्या दिवशी तो आपल्या सगळ्या जातभाईंना घेऊन आला. उपासनेतली टापटीप त्यांना इतकी आवडली की प्रार्थना चालू होती तेवढा सगळा वेळ ते बाहेर उभे राहिले.

बाहेर उभे राहिले. हे वाक्य वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. ते नाताळचं ऊन, तो मोकळा माळ, आत इंग्रजीतली स्तोत्रं, आणि बाहेर पागोटी घातलेली आपली माणसं, न कळणारं पण नीटनेटकं काही ऐकत. ते कुठे उभे असतील? डिसेंबर असला तरी भर दुपारी मुंबईत माणूस उघड्यावर उभा राहत नाही. जवळ झाड असलं तर त्याच्याखाली जातो. हा माझा अंदाज आहे, पण मला त्याबद्दल शंका वाटत नाही.

त्याच्या पुढचं वाचवत नाही. त्याच १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीची कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावरची मोहीम फसली होती. अपयशाला कोणीतरी धनी हवा असतो. रामा कामतीवर आरोप आला की तो कान्होजींना आतून फितूर आहे. पत्रं पुढे आली, खटला झाला, १७२० मध्ये तो दोषी ठरला. मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. ती पत्रं बनावट होती हे नंतर उघडकीला आलं. ज्या गव्हर्नर बूनच्या हजेरीत तो चर्चबाहेर आदराने उभा राहिला, त्याच बूनच्या अमलात हे झालं. चर्चच्या आतल्या भिंतींवर एवढी नावं आहेत, त्यात याचं नाव मी वेड्यासारखं शोधलं. असणार नाही हे ठाऊक असूनही शोधलं.

चर्चच्या बाहेरच्या जगाची सगळी गोष्ट मला झाडांखाली घडलेली दिसते. जवळच एक गल्ली आहे, टॅमरिंड लेन. पाटीवर आता वेगळं नाव आहे, पण जुने लोक हेच म्हणतात. चर्चच्या पुढ्यात एक मोठी चिंच होती. गुजराती लोक त्या जागेलाच 'आमली आगळ' म्हणत, म्हणजे चिंचेपुढे. तिच्या सावलीत लिलाव व्हायचे. समोर हॉर्निमन सर्कल आहे तिथे तेव्हा मोकळं मैदान होतं, त्यात कापसाच्या गासड्यांचे ढीग. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली १८५० च्या दशकात शेअरदलाल जमायचे. तो घोळका जागा बदलत बदलत पुढे शेअर बाजार झाला. ५ ऑगस्ट २०२० ला जो भयंकर वारा सुटला त्यात त्या शेअर बाजाराच्या उंच इमारतीवरची पाटीसुद्धा उडाली. त्या संध्याकाळी ही बातमी पाहताना मला वाईट वाटलं नव्हतं, काही वाटलंच नव्हतं. पाटी पुन्हा बसते.

वादळं या किनाऱ्याला नवी नाहीत. १६१८ च्या मे महिन्यात, म्हणजे इंग्रज इथे यायच्या आधी, वसई-मुंबईकडे झालेल्या वादळाचं वर्णन गॅझेटियरमध्ये आहे. वाऱ्याने समुद्र गावात आणला, चर्चची शिखरं उडाली, दोन हजार माणसं मेली. १ नोव्हेंबर १८५४ च्या वादळात चार तासांत हजारभर माणसं आणि कितीतरी जहाजं गेली. १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक. माझी आजी त्याबद्दल सांगायची, तेव्हा ती नवी लग्न होऊन गिरगावात आली होती आणि पहाटे उठून पाहते तर समोरचा माड जिन्यात. या सगळ्या नोंदींत माणसं मोजलेली आहेत, जहाजं मोजलेली आहेत, मालाची किंमत रुपये-पौंडांत आहे. १८५४ मध्ये सेंट थॉमस उभं होतं, त्याच्या अंगणात झाडंही असतील. त्यांचं काय झालं हे कोणी लिहून ठेवलं नाही. आज वृक्षगणना होते, मुंबईत २९ लाख ७५ हजार झाडं असल्याचं आपण सांगू शकतो. तरी आमच्या रेन ट्रीचं कोणाला विचारावं तर आम्ही तिघी आणि तो रखवालदार, एवढेच साक्षीदार. त्यातली एक, छत्रीचा अंदाज सांगणारी, मागच्या वर्षी बदली होऊन नागपूरला गेली.

चर्च टिकलं, ते केवळ दगडी आहे म्हणून नव्हे. त्याला पुन्हा पुन्हा कोणीतरी हात दिला. कॉबने दिला. १८३७ मध्ये ते कॅथेड्रल झालं, त्यानंतर मनोरा आला. दाराजवळचं ते देखणं कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभं राहिलं, एका पारशी माणसाने चर्चला दिलेलं. अलीकडे नीट, जुन्या पद्धतीने दुरुस्ती झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला. भेगेत पिंपळ रुजला की तो वेळीच काढावा लागतो, नाहीतर मूळ भिंत फोडतं. एकदा मी आवारात असताना एक कामगार शिडीवर चढून तेच करत होता. दीड-दोन इंचाचं रोप, पण ते मुळासकट यावं म्हणून त्याने जवळजवळ अर्धा तास घालवला. एका बोटाने चुना खरवडत, फुंकर मारत, सावकाश. दगडाला धक्का लागू नये म्हणून. मी खाली उभी राहून पाहत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सरळ रेषेत कापलेले काळे थोटुक येत होते. चर खणणाऱ्यांपैकी कोणी त्या मुळांसाठी अर्धा तास थांबलं असतं तर?

कामगार खाली उतरला. रोप त्याच्या हातात होतं. मी मागितलं. त्याने जरा नवलाने दिलं. "ताई, हे घरात लावत नाहीत." मला माहीत होतं. मी ते डब्याच्या रिकाम्या वाटीत ओल्या रुमालात गुंडाळून नेलं आणि आमच्या सोसायटीच्या मागे, नाल्याकडच्या मोकळ्या जागेत लावलं. आळं केलं. सध्या गुडघ्याएवढं आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मात्र काही लावलेलं नाही. खोडाचा खालचा भाग तसाच ठेवून वरून पेव्हर ब्लॉक बसवले. आता खाली लाकूड कुजत चाललंय आणि दर पावसाळ्यात तिथली फरशी थोडी थोडी खचते. रेन ट्रीच्या बुंध्याएवढा गोल खळगा झाला आहे, त्यात पाणी साचतं. घाईत असलेली माणसं, फोनवर बोलणारी माणसं, डोक्यावर फायली धरलेले प्यून, सगळे त्याच्यापाशी आले की न बघता बाजूने वळतात, झाड होतं तेव्हा वळायचे तसेच.